देवाशी मैत्री म्हणजे नेमके काय? रेव्हरंड टिळकांच्या आयुष्यातून समजून घ्या

डिजिटल डेस्क, बार्शी : आडनाव टिळक. काळ लोकमान्यांचा. जात चित्पावन, गाव कोकणातले, व्यासंग संस्कृतचा. पण हे टिळक वेगळे. 'केवढे हे क्रौर्य' ही घायाळ पक्षिणीची कविता ज्यांनी लिहिली, ते नारायण वामन टिळक. 1895 मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा महाराष्ट्रात खळबळ उडाली. घर मोडले, नातेवाईक तुटले. त्यानंतर 24 वर्षे हा माणूस ख्रिस्ताविषयी अभंग लिहीत राहिला आणि त्याला कधी गुरू, कधी माउली, कधी सखा मानत राहिला.

ख्रिस्ती धर्मात देवाशी मैत्री ही कल्पना नेमकी काय आहे? तिची किंमत काय असते? आणि ती मराठी माणसाला ओळखीची का वाटते? जाणून घेऊया सविस्तर.

आधी बार्शीची गोष्ट

हा विषय बार्शीकरांना अगदीच परका वाटायला नको. गावातले भगवंत मंदिर सगळ्यांना माहीत आहे. इथला देव राजा अंबरीषाच्या हाकेला धावून आला, अशी श्रद्धा आहे. भागवतातली कथा थोडक्यात अशी: अंबरीषाचे द्वादशीचे व्रत होते. पारणे सोडण्याची वेळ टळू नये म्हणून पाहुणे दुर्वास ऋषी परतण्याआधी तो घोटभर पाणी प्यायला. ऋषी संतापले. त्यांनी राजाला मारण्यासाठी कृत्या निर्माण केली. सुदर्शन चक्राने कृत्येला संपवले आणि ते दुर्वासांच्याच मागे लागले.

दुर्वास ब्रह्मदेवाकडे गेले, शंकराकडे गेले, शेवटी विष्णूकडे गेले. विष्णूने हात वर केले. मी भक्तांच्या अधीन आहे, क्षमा मागायची तर अंबरीषाकडेच जा, असे त्यांना सांगितले. म्हणजे देवाने निर्णय भक्ताच्या हाती सोपवला. मालक नोकराशी असे वागत नाही. मित्र मित्राशी वागतो.

आपल्याकडे नवविधा भक्तीच्या यादीत दास्य सातवे आणि सख्य आठवे. आधी सेवा, मग मैत्री. समर्थांच्या दासबोधात चौथ्या दशकातला आठवा समास सख्यभक्तीवरच आहे. अर्जुन हे तिचे नेहमीचे उदाहरण. जनाबाईसोबत जाते ओढणारा विठ्ठल तर घराघरात माहीत आहे.

मग ख्रिस्ती धर्मात वेगळे काय?

बायबलमध्ये ही कल्पना तीन टप्प्यांत दिसते.

पहिला टप्पा अब्राहामचा. जुन्या करारात त्याला देवाचा मित्र म्हटले आहे. त्याने आपला देश आणि आपले गणगोत सोडून केवळ देवाच्या शब्दावर वाट धरली.

दुसरा टप्पा मोशेचा. माणूस मित्राशी बोलतो तसा देव त्याच्याशी समोरासमोर बोलत असे, असे निर्गम या पुस्तकात सांगितले आहे. मात्र ही दोन्ही नावे निवडक माणसांची आहेत. ही मैत्री सगळ्यांसाठी खुली नव्हती.

तिसरा टप्पा येशूचा, आणि खरा बदल इथे होतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायात, अटकेच्याच रात्री, येशू शिष्यांना सांगतो की यापुढे मी तुम्हाला दास म्हणणार नाही, मित्र म्हणेन. कारणही देतो. धनी काय करतो आहे हे दासाला ठाऊक नसते, पण मी मात्र तुमच्यापासून काही लपवलेले नाही. मित्रासाठी जीव देण्याहून मोठे प्रेम नाही, हेही तिथेच येते. दुसऱ्या दिवशी तो वधस्तंभावर जातो.

या मैत्रीला एक अट आहे. शिष्यांनी एकमेकांवर प्रेम करायचे. देवाशी मैत्री आणि शेजाऱ्याशी वैर, हा हिशेब इथे बसत नाही. येशूचे विरोधक त्याला जकातदार आणि पापी लोकांचा मित्र म्हणून हिणवत. त्याला धरून द्यायला आलेल्या यहूदालाही तो मित्र म्हणूनच हाक मारतो, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलचे मत याच्या अगदी उलट होते. मैत्रीसाठी दोघांत काहीतरी बरोबरी लागते. देव आणि माणूस यांच्यातले अंतर इतके मोठे आहे की तिथे मैत्री टिकूच शकत नाही, असे तो मानत असे. 13 व्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती विचारवंताने त्याचीच मांडणी हाती घेतली आणि निष्कर्ष फिरवला. माणूस वर चढू शकत नसेल, पण देव खाली उतरू शकतो. म्हणून देवावरचे प्रेम ही एक प्रकारची मैत्रीच आहे, असे त्याने मांडले. पुढे 17 व्या शतकात इंग्लंडमध्ये क्वेकर पंथ निघाला. त्याने तर स्वतःच्या संघटनेच्या नावातच मित्र हा शब्द घेतला.

हे झाले पुस्तकातले. आता ही कल्पना जगलेल्या एका मराठी माणसाकडे वळू.

कोण होते नारायण वामन टिळक?

जन्म 6 डिसेंबर 1861, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. वडील वामनराव कडक आणि तापट स्वभावाचे. आई जानकीबाईंना कवितेची आवड. मुलाला कवितेचा वारसा मिळाला तो आईकडून. नारायण अकरा-बारा वर्षांचा असताना आई गेली. तिच्यामागे त्याचे घरात मन रमेना. तो घर सोडून नाशिकला आला. तिथे शिक्षणाची सोय लागली. संस्कृतची गोडी लागली. वक्तृत्व आणि काव्य यांवर हात बसला. मात्र औपचारिक शिक्षण पूर्ण झाले नाही.

1880 मध्ये लग्न झाले. मुलगी नाशिकजवळच्या जलालपूरची, गोखल्यांची मनू. लग्नानंतर तिचे नाव लक्ष्मी झाले. पुढे हीच लक्ष्मीबाई 'स्मृतिचित्रे' लिहून मराठीतल्या सर्वात लाडक्या आत्मचरित्राची लेखिका ठरणार होती. टिळकांच्या घरगुती आयुष्याविषयी आज आपल्याला जे माहीत आहे, त्यातले बरेचसे तिच्यामुळेच.

त्या काळातले टिळक म्हणजे स्थिर न होणारा माणूस. गावे बदलली, नोकऱ्या बदलल्या. कधी शिक्षक, कधी पुराणिक, कधी छापखान्यात काम. मनात आले की निघायचे. घरी काही न सांगता जायचे. हातात पैसा टिकत नसे. समोर गरजू दिसला की खिसा रिकामा. पुढे नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम मिळाले आणि थोडे स्थैर्य आले.

डोक्यात मात्र धर्माचा प्रश्न सतत घोळत होता. देव एकच असला पाहिजे. तो पित्यासारखा असला पाहिजे. माणसे भावंडे असतील तर जात कशासाठी? प्रचलित धर्मात याचे उत्तर सापडेना, तेव्हा आपणच एक नवा धर्म मांडावा असा विचार त्यांनी सुरू केला होता.

रेल्वेच्या डब्यात काय घडले?

1893 च्या सुमाराची गोष्ट. टिळक नोकरीच्या निमित्ताने नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन प्रवासी होता. त्याने आदराने जागा करून दिली. बोलणे संस्कृत कवितेवरून सुरू झाले आणि धर्माकडे वळले. उतरताना त्याने टिळकांना नवा करार भेट दिला आणि वाचण्याचे वचन घेतले. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांनी त्याचे नाव विचारले नाही. 

पुस्तकाची सुरुवात टिळकांना रुक्ष वाटली. मत्तयाचे शुभवर्तमान वंशावळीने सुरू होते आणि एका संस्कृत पंडिताला त्यात गोडी वाटण्याचे कारण नव्हते. पण शब्द दिला होता. म्हणून वाचत गेले. पाचव्या अध्यायात डोंगरावरचे प्रवचन लागले आणि पुस्तक खाली ठेववेना. शत्रूवरही प्रेम करा, दान गुपचूप द्या, दुसऱ्याचे दोष पाहण्याआधी स्वतःकडे पाहा. आपण ज्या नव्या धर्माची जुळवाजुळव करत होतो, तो इथे आधीच लिहून ठेवला आहे, असे त्यांना वाटले.

तरी निर्णय लगेच झाला नाही. दोन वर्षे वाचन, पत्रव्यवहार आणि मनातली झुंज चालली. मुंबईतल्या अमेरिकन मिशनशी संपर्क झाला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो दिला रेव्हरंड तुकाराम नथोजी यांनी. एका मराठी ख्रिस्ती पाळकाच्या हातून टिळक ख्रिस्ती झाले, ही बाब पुढचे टिळक समजून घेताना महत्त्वाची ठरते.

किंमत कोणी मोजली?

इथे गोष्ट अवघड होते. अब्राहामने गणगोत सोडले ते वाचायला सोपे आहे. टिळकांनी सोडले तेव्हा घरी 27 वर्षांच्या आतली पत्नी आणि लहानगा दत्तू होता.

लक्ष्मीबाईंना विचारले गेले नव्हते. बातमी आली तेव्हा त्या कोसळल्या. त्या काळच्या ब्राह्मण घरात नवरा ख्रिस्ती होणे म्हणजे जिवंतपणी वियोग. त्याच्या हातचे पाणी चालणार नाही. त्याच्या घरी राहता येणार नाही. विधवाही नाही आणि सवाष्णीचे सुखही नाही. नातेवाइकांनी त्यांना सांभाळले. या काळातला काही भाग त्यांनी पंढरपुरात काढला. बार्शीहून फार दूर नसलेल्या त्या गावात, विठोबाच्या सावलीत, एक बाई देवावरून तुटलेला संसार मनात घेऊन दिवस ढकलत होती.

जवळपास पाच वर्षे ही ताटातूट चालली. टिळक पत्रे लिहीत, भेटायला येत, परत जात. दुसरे लग्न त्यांनी केले नाही. शेवटी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन त्यांच्याकडे, तेव्हाच्या अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) गेल्या. पण धर्म बदलायला नव्हे. सुरुवातीला त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे कडक. टिळकांनी सक्ती केली नाही.

मग त्यांच्याच मनात प्रश्न उभा राहिला. देवाने माणसे केली, जाती कोणी केल्या? उत्तर मिळाले तसे त्यांनी सोवळे सोडले. 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागून फरफटत न जाता, आपल्या पायांनी चालत.

टिळकांच्या मैत्रीची थोरवी सांगताना ही पाच वर्षे वगळली तर गोष्ट खोटी ठरेल. त्यांनी देवाला होकार दिला, पण त्याचे बिल आधी पत्नीच्या नावावर फाटले. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त हे सगळे लिहिले आहे, तेही कडवटपणा न ठेवता, हसतखेळत. म्हणूनच ते जास्त लागते.

मैत्री दिसायची कुठे?

टिळकांची देवाशी मैत्री प्रार्थनेच्या खोलीत बसून राहणारी नव्हती. योहानाच्या शुभवर्तमानातली अट आठवा: एकमेकांवर प्रेम. तिचा पुरावा घरात दिसत होता.

* दुष्काळ आणि प्लेग : 1899-1900 च्या दुष्काळानंतर टिळकांच्या घरात अनाथ मुलांचा राबता वाढला. प्लेगच्या साथीत लोक रोग्यापासून पळत असताना हे जोडपे सेवेसाठी पुढे गेले.
* बालकवी : त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या वयाच्या कवीला टिळकांनी घरी ठेवून घेतले. तेच बालकवी. टिळक ख्रिस्ती, बालकवी हिंदू. घर एक. धर्म बदलण्याची अट कोणी घातली नाही.
* जात : अहमदनगर भागातल्या ख्रिस्ती समाजात बहुसंख्य लोक तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून आलेले होते. चित्पावन घरातल्या या पंडिताने त्यांच्यातच आयुष्य काढले, त्यांना शिकवले आणि त्यांच्यासाठी गाणी लिहिली.

अहमदनगरच्या धर्मशिक्षण विद्यालयात ते शिकवत. 1904 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि ते रेव्हरंड झाले. 1912 पासून अखेरपर्यंत 'ज्ञानोदय' या 1842 साली सुरू झालेल्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते.

तुकारामांचा पूल म्हणजे काय?

टिळकांच्या आधी मराठी चर्चमध्ये गाणी होती, पण बरीचशी इंग्रजी चालींवर बेतलेली. चाल परदेशी, शब्द कसेबसे बसवलेले. टिळकांनी अभंग, ओवी आणि भजन चर्चमध्ये आणले. ख्रिस्ती कीर्तनाचा प्रयोग अहमदनगर भागात आधी झाला होता, त्याला त्यांनी जोर दिला. 'अभंगांजली' हा त्यांचा अभंगसंग्रह याच वाटेवरचा.

आपण ख्रिस्ताकडे तुकारामांच्या पुलावरून पोहोचलो, अशा अर्थाचे ते सांगत. याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. पलीकडच्या तीरावर पोहोचल्यावर त्यांनी पूल पाडला नाही. देवाशी भांडायचे, रुसायचे, त्याला आई म्हणायचे, त्याच्यावाचून जीव तळमळतो हे उघड सांगायचे, ही भाषा त्यांना वारकरी संतांनी दिली होती. मिशनऱ्यांच्या प्रवचनात ख्रिस्त बहुधा राजा, न्यायाधीश, तारणारा असे. टिळकांच्या अभंगात तो गुरुमाउली झाला, सखा झाला.

फरक मात्र त्यांनी पुसला नाही. त्यांच्यासाठी हा सखा म्हणजे इतिहासात होऊन गेलेला आणि मित्रांसाठी मरण पत्करलेला येशू होता. विठोबाचे दुसरे नाव म्हणून त्यांनी त्याला पाहिले नाही. ख्रिस्ती विश्वास हा आणि मराठी मन हे, अशी त्यांची जोडणी होती.

देवाचा दरबार काय होता?

ही जोडणी मिशनच्या चौकटीत मावेना. टिळकांना एक गोष्ट सतत खटकत होती. परदेशी मिशन पगार देते, भारतीय पाळक नोकरी करतो. देणारा वर, घेणारा खाली. यात मैत्री कुठे आली? धनी आणि दास हेच नाते इथेही उभे राहत होते.

1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि संन्यास घेतला. हा संन्यास घर टाकणारा नव्हता. पगाराचा आणि पदाचा होता. मिशनऱ्यांशी असलेला स्नेह त्यांनी तोडला नाही. साताऱ्यात राहून त्यांनी 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. ख्रिस्ताला गुरू मानणारा कोणीही यावा, एवढेच. चर्चच्या सभासदत्वाची नोंदवही आणि देवाशी असलेले नाते या दोन गोष्टी एकच नाहीत, हे त्यांना दाखवायचे होते.

चर्चमध्ये यावर दोन मते होती. बाप्तिस्मा न घेतलेल्यांना आत घेतले तर चर्चचा अर्थ काय उरेल, हा आक्षेप गंभीर होता. टिळकांकडे उत्तर होते, वेळ नव्हता. दरबार नीट उभा राहण्याआधीच त्यांची प्रकृती ढासळली. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय 57. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दफन न करता दहन करण्यात आले. त्या काळातल्या ख्रिस्ती पाळकासाठी ही मोठीच वेगळी गोष्ट होती.

थोडक्यात प्रवास

* 1861 : करजगाव येथे जन्म
* 1880 : लक्ष्मीबाईंशी विवाह
* 1893 च्या सुमारास : रेल्वेत नव्या कराराची भेट
* 1895 : मुंबईत बाप्तिस्मा
* 1900 : लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा
* 1904 : पाळकपदाची दीक्षा
* 1912 : 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन
* 1917 : संन्यास, देवाचा दरबार
* 1919 : मुंबईत निधन

मग देवाशी मैत्री म्हणजे काय?

टिळकांच्या आयुष्यावरून तीन गोष्टी हाती लागतात.

पहिली, ही मैत्री म्हणजे देवाशी बरोबरी नव्हे. अंतर राहतेच. फरक इतकाच की दास हुकूम पाळतो आणि मित्र कारण समजून घेऊन तेच काम करतो.

दुसरी, ती फुकट नाही. आणि तिची किंमत कधी कधी ज्याने मैत्री केली त्याच्याऐवजी त्याच्या जवळच्या माणसाला मोजावी लागते. ही बाजू झाकून कोणी देवभक्तीचे कौतुक करत असेल तर लक्ष्मीबाईंचे पुस्तक त्याच्या हातात द्यावे.

तिसरी, ती वरच्या दिशेने जितकी जाते तितकीच आडवी पसरली पाहिजे. पंगतीला कोण बसते, घरात कोण राहते, आजारी शेजाऱ्याच्या दारात कोण जाते, यावर ती मोजली जाते.

एक गोष्ट सांगायची राहिली. टिळकांनी येशूच्या जीवनावर 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य लिहायला घेतले होते. सुरुवातीचे काही अध्याय झाले आणि ते गेले. ते काम पुढे लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. औपचारिक शाळा न शिकलेल्या या बाईने साठहून अधिक अध्याय रचले. 1936 मध्ये त्या गेल्या आणि 1938 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला.

नवऱ्याने ज्या मित्रासाठी एकदा घर सोडले होते, त्याची गोष्ट बायकोने पूर्ण केली. टिळक दांपत्याची ही गाणी रविवारी महाराष्ट्रातल्या चर्चमध्ये आजही गायली जातात. जवळपास असाल तर बाहेर उभे राहून ऐका. चाल ओळखीची वाटेल.